आखाजीला उतरवलेले चार तुकडे

मुलांनो,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दोघंही माझं वाक्य संपायच्या आत निकाल देऊन मोकळे होता. परवा आखाजी झाली. अक्षय्य तृतीयेला आपल्या खानदेशात आखाजी म्हणतात, हे तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलं आहे की नाही याची मला शंका आहे. त्या दिवशी, वर्षभर गॅलरीत टांगून ठेवलेले चार तुकडे मी खाली उतरवले. दोन चामड्याचे, दोन तुमच्या त्या ‘व्हीगन लेदर’चे. धाकट्यानं लगेच विचारलं, “आजी, कोण जिंकलं?” मोठी, तुकडे कॅमेऱ्यासमोर नीट धर, एवढंच म्हणाली. मी दोघांनाही अर्धं अर्धं उत्तर दिलं आणि फोन ठेवल्यावर वाटलं, हे असंच राहिलं तर पुढे तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगत बसाल. म्हणून हे लिहिते आहे.

तुम्हाला माहीत आहे की मी जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, पण माझा खरा अभ्यास पुस्तकांच्या पाठींचा. कापडी बांधणी, चामड्याची बांधणी, रेक्झिनची बांधणी. इथला उन्हाळा पुस्तकांना काय करतो ते मी दरवर्षी पाहिलं आहे. रेक्झिन आधी चिकट होतं, मग त्याचे पापुद्रे निघतात आणि मेच्या अखेरीस शेजारशेजारची दोन पुस्तकं एकमेकांना धरून बसतात. चामड्याची बांधणीही काही अमर नसते. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही तर तिची तांबडी भुकटी होते आणि हाताला लागते. त्यामुळे कुठल्याही वस्तूवर ‘टिकाऊ’ असं छापलेलं दिसलं की माझा हात आधी तिच्या घडीवर जातो. घडीवर खोटं लपत नाही.

आता पिशवीबद्दल. माझी तपकिरी चामड्याची खांद्यावरची पिशवी तुम्ही लहानपणी पाहिली आहे. मला नोकरी लागली तेव्हा माझ्या वडिलांनी ती धुळ्यात, आमच्या गल्लीच्या टोकाच्या दुकानात करवून घेतली. झाकणाच्या आतल्या बाजूला मी माझ्या सवयीनं तारीख घातलेली आहे, आणि तिच्याच शेजारी दुकानाचा ठसा आहे, बाभळीच्या पानाचा, नखाएवढा. त्या घरात बाभळीच्या सालीनं कातडं कमावत, म्हणून ते पान. आणि त्या पानाचा एक रिवाज होता. पान असलेली वस्तू कधीही उसवली, फाटली, तर ती फुकट शिवून मिळे. ज्यानं ठसा मारला तो नसेल तर त्याच्या मुलानं शिवायची, मुलानंतर पुढच्यानं. माझ्या पिशवीचा पट्टा तीनदा शिवला गेला. पहिल्यांदा ठसा मारणाऱ्यानं, नंतर दोनदा त्याच्या मुलानं. तो मुलगा आता सत्तरीला आला आहे. मी त्याला भाऊ म्हणते. जळगावात मला सगळे मॅडम म्हणतात, पण धुळ्यात मी गल्लीतली लेक, म्हणून तो मला अक्का म्हणतो.

सव्वादोन वर्षांपूर्वी मोठीला परदेशात पिशव्या विकणाऱ्या कंपनीत काम मिळालं आणि तिनं मला एक नवी पिशवी पाठवली. रंग अगदी माझ्या जुन्या पिशवीचा. सोबत चिठ्ठी होती की आजी, ही केळीची आहे, म्हशीची नाही, आता ती जुनी देऊन टाक. मी तिला फोनवर म्हटलं की मला तर ही रेक्झिन वाटते. त्यावर ती जे बोलली ते मला लागलं, आणि लागावं म्हणूनच ती बोलली होती.

“आजी, तू केकमध्ये अंडं आहे का म्हणून तीनदा विचारतेस. आणि खांद्याला म्हैस लटकवून फिरतेस.”

मी तिला सांगितलं की जुन्या काळी आपणहून मेलेल्या जनावराचंच कातडं घेत. हे मी इतक्या ठामपणे सांगितलं, की नंतर माझा मलाच संशय आला. मला हे कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मी तसं धरून चालले होते, कारण ते सोयीचं होतं.

नवी पिशवी मी दोन महिने वापरली. मग आखाजी जवळ आली. आपल्या घरात आखाजीच्या आधीच्या आठवड्यात चामड्याच्या सगळ्या वस्तूंना एरंडेल लावायचं, ही माझ्या सासूबाईंची पद्धत. वहाणा, पट्टे, पिशव्या, आजोबांच्या दुर्बिणीची पेटी, सगळं एका ओळीत मांडायचं, फडक्यानं तेल चोळायचं आणि दिवसभर सावलीत ठेवायचं. त्या ओळीत मी नवी पिशवीही ठेवली. कुठली वस्तू मागे राहू नये, एवढाच विचार. तेल जिरेना म्हणून आणखी चोळलं. तरीही जिरेना म्हणून, शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. जूनमध्ये काढली तेव्हा वर्तमानपत्र पिशवीला चिकटलं होतं. ओढल्यावर कागदाबरोबर पिशवीचा वरचा थरही आला आणि खाली पांढरं, विणलेलं कापड दिसलं. एका बाजूवर सिमेंटची जाहिरात उलटी छापली गेली होती.

मला वाईट वाटलं नाही, हे कबूल करते. मला बरं वाटलं. मी लगेच फोटो काढून मोठीला पाठवला. तिनं एकच ओळ लिहिली: “तेल लावायला कोणी सांगितलं होतं?”

आणि तिचं बरोबर होतं. पिशवी तिच्या गुणानं गेली की माझ्या तेलानं, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. पुरावा मीच खराब केला होता.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण त्याच वर्षी दिवाळीनंतर मोठीनं कंपनीत एक कल्पना मांडली. तिला धुळ्याचं ते दुकान आठवत होतं. लहानपणी मी तिला तिथे नेलं होतं आणि भाऊंनी तिला पानाचा ठसा कागदावर मारून दिला होता. तिनं ठरवलं की केळीच्या चामड्याच्या पिशव्या धुळ्यात शिवून घ्यायच्या आणि प्रत्येकीवर ते बाभळीचं पान उमटवायचं. कंपनीला कल्पना फार आवडली. मालाची एक गुंडाळी माझ्या पत्त्यावर आली, बरोबर इंग्रजीत छापलेलं माहितीपत्रक. मोठी म्हणाली, आजी, तू फक्त हे भाऊंना वाचून दाखव आणि हो म्हणायला लाव.

वाचून दाखवण्याचं काम तिनं चुकीच्या बाईला दिलं. मी आयुष्यभर पुस्तकाची मागची पानं आधी वाचत आले. माहितीपत्रकाच्या पुढच्या पानावर केळीचं हिरवं पान होतं आणि लिहिलं होतं की हा माल खानदेशातल्या केळीच्या खोडापासून बनतो आणि शेवटी मातीत मिसळून जातो. मागच्या पानावर, मला चष्मा बदलावा लागेल इतक्या बारीक अक्षरात, घटक दिले होते. केळीचा तंतू होता, पण यादीत शेवटी. त्याच्या आधी पॉलियुरेथेन, त्याच्या आधी पॉलिएस्टरचं कापड.

मी आधी फैजपूरला फोन केला. माझे धाकटे दीर, ज्यांना तुम्ही नाना म्हणता, त्यांची तिथे केळी आहे. मी विचारलं, आपल्या भागातून खोडं कोण नेतं? नाना म्हणाले, वहिनी, घड कापल्यावर खोड आम्ही तिथंच तोडून वाफ्यात टाकतो, त्याचंच खत होतं. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी एक ट्रॅक्टर भरून नमुन्याला नेली होती, परत कोणी आलं नाही. मी हे मोठीला कळवलं. तिनं कंपनीत विचारलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की केळी नेमकी कुठली ते सांगता येत नाही, पण अशाच भागातली असावीत.

असावीत, हा शब्द मी वहीत लिहून ठेवला.

मग गुंडाळी घेऊन मी धुळ्याला गेले. दुकान पूर्वीपेक्षा अर्धं झालं आहे. भाऊंबरोबर आता त्यांची मुलगी बसते. ती चाळिशीची आहे आणि हात बापापेक्षा जलद चालतो. काम मात्र कमी झालंय. लोक बाजारातून तयार वहाणा घेतात, आणि ट्रकमधून कातडं आणायला आता माणसं घाबरतात, कागद असले तरी वाटेत गाडी अडवतात म्हणून. त्यामुळे या पिशव्यांचं काम तिला हवं होतं, आणि तिनं ते लपवलं नाही. पण ठसा भाऊंचा, आणि ठशामागचं वचन त्यांच्यानंतर तिला निभवायचं होतं. एवढाच प्रश्न होता. पान मारायचं की नाही.

भाऊंनी गुंडाळीतून वीतभर तुकडा कापला, आरीनं त्यात चार भोकं पाडली, दोरा ओवून टाके घातले आणि दोन्ही हातांनी ओढलं. टाक्यांच्या रेषेवर तुकडा सरळ फाटला, तिकीट फाडावं तसा. मग त्यांनी चामड्याच्या तुकड्याला तशीच भोकं पाडून मला दाखवलं. चामड्यात भोक दोऱ्याभोवती मिटतं. यात ते वाढत जातं.

“अक्का, हाई एकदाव शिवता येस,” ते आपल्या अहिराणीत म्हणाले. “दुसरींदाव शिवाले यामा काहीच राहस नई.”

मुलगी खाली मान घालून पट्टा कापत होती. ती म्हणाली, “पान चाटीसन पोट भरस का, आबा?”

भाऊ हसले. मीही हसले, पण ती हसली नव्हती.

मी माहितीपत्रकाचं मागचं पान वाचून दाखवलं. बाजू घ्यायची नाही असं मी ठरवून गेले होते. पण मी फक्त मागचंच पान वाचत होते, तेव्हा बाजू घेतलीच होती. मुलीनं ते ओळखलं. ती म्हणाली, ताई, आता पुढचं पण वाचा. मग मी पुढचंही वाचलं: जनावर मारावं लागत नाही, कातडं कमावण्याचं विषारी पाणी नदीत जात नाही. ही दोन वाक्यं मी खोटी म्हणू शकले नाही. लहानपणी पांझरेच्या काठानं शाळेत जाताना आम्ही मुली नाकाला रिबीन लावून पळायचो. ते पाणी कुठे जातं हे तेव्हा कोणी विचारलं नाही, मीही नाही. आणि ज्यांना त्या वासातच काम करावं लागे त्यांच्या घरचं पाणी आमच्या घरी चालत नसे. पिशवी मात्र चालत होती. हे तुम्हाला सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं.

तेव्हा मी भाऊंनाही विचारलं, कारण एकाच बाजूचा संशय घेणं बरोबर नव्हे. हल्लीचं तुमचं चामडं बाभळीच्या सालीचं असतं का? आणि ते मेल्या ढोराचंच असतं का?

त्यांनी चामडं कापायची रापी खाली ठेवली. बाभळीचं काम त्यांच्या वडिलांबरोबर संपलं, ते म्हणाले. आता क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामड्याचे तयार तक्ते बाहेरून येतात, निळसर, आणि ते कमावताना काय नदीत सोडतात ते आपल्याला दिसत नाही इतकंच. आपणहून मेलेल्या जनावराचं कातडं कोण गोळा करतं आता? ते दिवस गेले.

“मग या चामड्यावरही ते पान खोटंच की, भाऊ.”

त्यांनी गल्ल्याखालच्या खणातून ठसा काढून तळहातावर घेतला. मला वाटलं, मी फार पुढे गेले.

“पान बाभूळनं राहिनं नई, हाई खरं शे,” ते म्हणाले. “पण फाटनं तर मी शिवीसन देस. पाननं तेवढंच राहिनं आते. ते बी घालवू का?”

मी माहितीपत्रकाची घडी घालून ते पिशवीत ठेवलं.

दुकानातूनच आम्ही मोठीला फोन लावला. ते बोलणं ती विसरली नसेल. भाऊ तिला बेटा म्हणाले, शिवून देतो म्हणाले, सुबक शिवतो म्हणाले, पण पान मारणार नाही. ती म्हणाली, काका, पानाशिवाय कंपनी घेणार नाही. तर भाऊ म्हणाले, मग एक वर्ष द्या. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत हा माल अक्काच्या गॅलरीत राहू द्या. टिकला तर मी पान मारतो, आणि माझी मुलगी पुढे शिवत राहील. मोठी म्हणाली की वर्षभर कोणी थांबत नाही. मग ती माझ्याशी बोलली, आणि कोरड्या आवाजात म्हणाली, “तुला हेच हवं होतं ना, आजी?”

काम दुसरीकडे गेलं. भाऊंच्या मुलीनं मला चहा दिला, पण त्या दिवशी ती माझ्याशी आणखी काही बोलली नाही. मोठीचा दीड महिना फोन आला नाही. मला हेच हवं होतं का, याचा मी त्या दीड महिन्यात बराच विचार केला. नको होतं, असं मी खात्रीनं म्हणू शकत नाही.

तरी आखाजीला मी तुकडे टांगले, चामड्याचे भाऊंकडून आणलेले. ठरलेलं कोणी मोडलं म्हणून आपणही मोडायचं, असं थोडंच आहे. या वेळी पुरावा खराब करायचा नाही, म्हणून चार: चामडं तेल लावलेलं, चामडं तसंच, नवा माल तेल लावलेला, नवा माल तसाच. प्रत्येकाला मधोमध घडी घालून चिमटा लावला आणि चिठ्ठीवर तारीख घातली. आणखी दोन तुकडे फैजपूरला पाठवले, एक चामड्याचा, एक नव्याचा. नानांनी ते ठिबकच्या नळीजवळ मातीत पुरले आणि जागेवर काठी रोवली.

जूनच्या मध्यावर मोठीचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी न करता तिनं विचारलं, “तुकडे अजून टांगलेत ना?” मी हो म्हटलं. “काढू नकोस,” ती म्हणाली. त्यानंतर दर महिन्याला ती त्यांचा फोटो मागायची आणि मी पाठवायची. आमच्यात दुसरं बोलणं हळूहळू त्यातूनच सुरू झालं.

आता निकाल. नवा माल, तेल लावलेला: दुसऱ्याच महिन्यात गेला. म्हणजे ती नवी पिशवी माझ्या तेलानं गेली, हे मला मान्य आहे. नवा माल, तेल न लावलेला: परवापर्यंत चिमट्यावर होता, चिकट झाला नाही, पण घडीवर उभी चीर पडली आहे आणि चिरेत पांढरं कापड दिसतं. चामडं, तेल न लावलेलं: कडक, फळीसारखं, घडीवर बारीक भेगा. हे चांगलं दिसत नव्हतं आणि मी ते कॅमेऱ्यासमोर इतर तुकड्यांपेक्षा थोडं मागे धरलं होतं. मोठीच्या ते लक्षात आलं असणार. चामडं, तेल लावलेलं: रंग गडद झाला, बाकी काही नाही. हाताळलं की पुन्हा मऊ पडतं.

धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळत नाही. चामडं एकटं सोडलं तर तेही गेलं असतं. ते टिकलं ते दरवर्षी कोणीतरी फडकं हातात घेतलं म्हणून. नव्या मालाला मात्र काय लावावं, हे मी भाऊंना विचारलं, मोठीनं कंपनीत विचारलं, आणि दोन्हीकडून एकच उत्तर आलं की काही लावू नका. तो जितके दिवस आहे तितके दिवस आहे.

मातीतल्या तुकड्यांचं नानांनी कळवलं. नव्याचा वरचा थर गेला होता, खालचं पॉलिएस्टर कापड धुवून नेसता येईल असं शाबूत होतं. पण चामडंही मिसळलं नव्हतं. काळं पडून फुगलं होतं आणि कुदळीला अख्खं लागलं. “वहिनी,” नाना म्हणाले, “दोघंही पाहुणे जायचं नाव घेत नाहीत.” तेव्हा क्रोमच्या चामड्यावर मी विश्वास ठेवलेला नाही, हेही लिहून ठेवते. बाभळीच्या सालीचं मातीत काय झालं असतं ते पाहायला तसं चामडंच आता मिळत नाही. एकच आहे, माझ्या पिशवीचं, आणि ते मी पुरायला दिलं नाही.

मोठे, म्हशीबद्दल तू म्हणाली होतीस ते खोडून काढणारं मला वर्षभरात काही सापडलं नाही. मी नवी चामड्याची वस्तू घेतलेली नाही आणि घेणार नाही. पण नव्या पिशवीच्या माहितीपत्रकाच्या पुढच्या पानावरही माझी सही मिळणार नाही.

काल मी चारही तुकड्यांचे फोटो घेऊन धुळ्याला जाऊन आले. भाऊंनी ते एकेक करून पाहिले आणि मुलीकडे दिले. बोलली त्यांची मुलगी. दुकानात एका कोपऱ्यात पापुद्रे निघालेल्या पर्सांचा ढीग आहे. लोक त्या टाकायला निघतात, ती घेते, वरचा थर सोलून टाकते आणि आतून जाड कापड लावून कडा चामड्याच्या कातरणींनी शिवते. त्या कातरणी तक्त्यातून उरतातच. काम सध्या त्याचंच आहे. त्यातली एक पिशवी मी उलटी करून पाहिली. पान नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, “दोन वर्ष टिकू द्या, ताई. मंग मारसू.”

माझी जुनी पिशवी वापरात आहे. तीनदा शिवलेला पट्टा धरून आहे. झाकणाच्या आत तारीख आणि पान, दोन्ही अजून वाचता येतात. ठसा धुळ्याच्या दुकानात, भाऊंच्या मुलीच्या हाताशी, गल्ल्याखालच्या खणात आहे.